मोरीवरचा गोटा आणि न वाकणारा पहिलवान

एका गावात एक तळं होतं आणि एक पहिलवान होता. तळं पावसाळ्यानंतर तुडुंब भरायचं, पहिलवान मात्र बारा महिने तुडुंबच असायचा. तो गल्लीतून निघाला की समोरून येणारी म्हैससुद्धा आपणहून कडेला व्हायची. जत्रेत त्याने कुस्ती मारली की अर्धं गाव त्याला खांद्यावर घ्यायला धावायचं आणि चावडीपर्यंत जाता जाता दमून खाली ठेवायचं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. उलट तोच म्हणायचा, "दमलासा व्हय? बसा, बसा. आता मी घेतो तुमाला."

असा लाख मोलाचा गडी. त्याला घडवलं होतं गावच्या तालमीच्या वस्तादांनी. शेंबडं पोर होतं तेव्हापासून त्यांनी त्याला मातीत उतरवलं, स्वतःच्या ताटातला घास त्याला भरवला, आणि तो वाढत गेला तसे ते त्याच्याकडे मान वर करून बघत राहिले. वस्ताद आता म्हातारे झाले होते. पण पहिलवान दिसला की त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते अजून तितकंच ताजं होतं.

त्या तालमीचा एक रिवाज होता. जोर, बैठका, मुद्गल सगळं आटोपलं की कुणीही लगेच उठून जायचं नाही. तांबड्या मातीत बसून, आडवं पडून, सगळं अंग सावकाश ताणायचं. पाय, मांड्या, कंबर, पाठ, खांदे, मान. वस्ताद याला "अंग मोकळं करणं" म्हणायचे, आणि ते केल्याशिवाय कुणाला तालमीचा उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत.

पहिलवानानेही लहानपणी हे सगळं मन लावून केलं. मग एका जत्रेत त्याने मोठी कुस्ती मारली आणि कुणीतरी त्याच्या दंडावर थाप मारून म्हणालं, "काय अंग हाय! निस्ता दगूड!" झालं. ते वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. दगड काही उठून आळोखेपिळोखे देत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने एक नवंच शास्त्र काढलं. कसरत झाली की तो कट्ट्यावर हाताची घडी घालून गप्प बसायचा, वर तांब्याभर दूध प्यायचा आणि हलायचा नाही.

"आरं, काय करतूयास?" वस्तादांनी पहिल्यांदा विचारलं.

"ताकद जिरवतोय," पहिलवान म्हणाला. "वस्ताद, पोतं आपण ठासून भरतो. भरल्यावर ते परत ताणून सैल का करायचं? सांडंल की सगळं!"

वस्तादांना हसू आवरेना. "आरं, तू काय ज्वारीचं पोतं हाईस व्हय?"

पण पुढे त्यांनी ताणून धरलं नाही. दुसऱ्या कुणा पोराने असं उत्तर दिलं असतं तर वस्तादांनी त्याचा कान पिरगळला असता. याच्यावर मात्र त्यांचा जीव. आज नाही तर उद्या ऐकेल, असं म्हणत म्हणत वर्षं गेली. माया माणसाला अशी मऊ करते, आणि मऊपणाचीही किंमत कधीतरी मोजावी लागते.

पहिलवानाचं अंग दिवसेंदिवस फुगत गेलं आणि आखडतही गेलं. ही गोष्ट गावाला दिसली नाही, कारण गावाला त्याचे दंड दिसायचे. दिसलं ते त्याच्या बायकोला. फेटा ती बांधून द्यायची, कारण त्याचे हात डोक्यामागे पोचेनात. पाठ ती खाजवून द्यायची. जेवायला पाटावर बसणं जमेना, म्हणून त्याने बाजेवर बसून ताट मांडीवर घ्यायला सुरुवात केली. वर ऐटीत म्हणायचा, "पहिलवानाला ह्ये शोभतं."

"व्हय तर," बायको म्हणायची. "आन् काल खाली पडल्यालं आठ आणं तुमी पायाच्या बोटानं उचलत हुता, त्ये बी शोभत हुतं."

पहिलवान हसायचा. बायकोने चेष्टा केली की त्याला बरं वाटायचं. पण रात्री कूस बदलताना तो कण्हायचा, ते तिला ऐकू यायचं आणि तिचा जीव तुटायचा.

आता तळ्याची गोष्ट. तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशी दगडात खोदलेला एक खोल, अरुंद हौद होता. त्याच्या तळाला तळ्याचं पाणी बाहेर सोडणारी मोरी, आणि मोरीच्या तोंडावर एक गुळगुळीत गोल गोटा बसवलेला. हिवाळी पिकाला पाणी द्यायची वेळ आली की पुनवेच्या दिवशी तालमीतला एक गडी हौदात उतरायचा आणि तो गोटा उचलून हौदाच्या भिंतीतल्या, खांद्याएवढ्या उंच कट्ट्यावर ठेवायचा. की मोरी मोकळी, पाणी पाटात. पिकं भिजली की गोटा पुन्हा जागेवर, आणि उरलेलं पाणी उन्हाळ्यात माणसांना, गुराढोरांना प्यायला.

हौद असा अरुंद की त्यात एकच माणूस मावायचा. गोटा असा गुळगुळीत की वरून धरला तर हातातून निसटायचा. त्यामुळे उचलायची रीत एकच. टाचा टेकवून पार खाली उकिडवं बसायचं, दोन्ही हात पायांच्या मधून घालायचे, बोटं गोट्याच्या बुडाशी सारायची, आणि मग तिथून, अगदी तळातून, उठायचं. वस्तादांनी हे काम तरणेपणापासून केलं होतं. या वर्षी त्यांनी सांगून टाकलं, "औंदा माज्याच्यानं व्हायचं न्हाई. आता माजा गडी उतरंल."

सगळ्यांना आनंद झाला. वस्ताद उचलायचे तो गोटा हा तर करंगळीने उचलेल, असं पोरं म्हणू लागली.

पुनवेला सगळं गाव बांधावर जमलं. हलगी कडाडत होती. बायकोने फेटा बांधून दिला, वस्तादांनी पाठीवर हात फिरवला आणि पहिलवान हौदात उतरला.

तो बसायला गेला. गुडघे थोडे वाकले आणि मांड्या म्हणाल्या, बास. त्याने जोर केला तर टाचा उचलल्या गेल्या आणि तो मागे भिंतीवर आदळला. पुन्हा बसला, पुन्हा आदळला. मग त्याने पाय ताठ ठेवून कमरेतून वाकायला बघितलं, तर कमरेत अशी सणक भरली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याची बोटं गोट्याच्या वरच्या बाजूवर घसरत होती, बुडापर्यंत पोचतच नव्हती. अंगात ताकद मायंदाळ होती, पण ती लावायला जागाच सापडेना.

हलगी आपोआप थांबली.

पहिलवान वर आला तो खाली मान घालून. कुणी काही बोलायच्या आत वस्तादांनी पागोटं काढून शेजारच्याच्या हातात दिलं आणि ते हौदात उतरले. पहिलवान "वस्ताद, नगा!" म्हणेपर्यंत ते खाली बसलेसुद्धा, पाटावर जेवायला बसावं तसे सहज. त्यांचे हात पायांमधून गेले, बोटं बरोबर बुडाशी पोचली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. गोटा जरासा डुगडुगला आणि परत जागेवर बसला. त्यांनी पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गोटा त्यांच्या हातांवर आला आणि बोटं सोलवटून निघाली.

"वस्ताद, सोडा त्यो! माजी आन हाय!" पहिलवान ओरडला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

लोकांनी वस्तादांना वर काढलं. ते धापा टाकत बांधावर टेकले, आणि पहिलवानाचा चेहरा बघून हसले. "असं काय करतूस? ऐक. माजं अंग वाकतंय, पर उचलत न्हाई. तुजं उचलतंय, पर वाकत न्हाई. दोगांत मिळून एक चांगला पहिलवान हाय बग. पर हौदात दोगं मावत न्हाईत, त्येला काय करावं!"

कुणीच हसलं नाही. शाळू सुकायला लागला होता, हरभऱ्याने माना टाकल्या होत्या. तालमीतली बाकीची पोरं अजून कोवळी होती, त्यांच्याच्यानं तो गोटा हलणारा नव्हता. शेवटी पाटील पुढे झाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचंही पीक रानात उभं होतं. त्यांनी गड्याकडून पहार मागवली आणि पहिलवानाच्या हातात दिली.

"हाण एक घाव. मोरीचं तोंडच फोड. पाणी आलं म्हंजे झालं."

"आन् मोरी फुटली तर तळं ऱ्हाईल व्हय? उनाळ्यात काय पिणार?" एक म्हातारी म्हणाली.

"उनाळ्याचं उनाळ्यात बगू," पाटील म्हणाले.

पहिलवानाने पहार हातात तोलली. त्याला ती काडीसारखी हलकी. एक घाव, फार तर दोन. पाणी उसळेल, हलगी वाजेल, लोक त्याला खांद्यावर घेतील आणि आत्ता काय झालं ते सगळे विसरतील. खरं सांगायचं तर त्याला मोह झाला. भरल्या गावात फजिती झालेल्या माणसाला याहून सोपी वाट कोण दाखवणार होतं?

तेवढ्यात त्याची नजर वस्तादांकडे गेली. ते त्याच्याकडे बघत नव्हते. सोलवटलेल्या बोटांना लागलेली माती फुंकून काढत ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. आपल्या पोराला आपल्यासमोर लाज वाटू नये, म्हणून. पहिलवानाच्या ते लक्षात आलं.

त्याने पहार पाटलांच्या पायाशी ठेवली. "पाटील, ह्ये न्हाई व्हायचं माज्याकडनं. चूक माजी हाय, मोरीची न्हाई. पुढल्या पुनवंपातूर मुदत द्या."

"तवर पिकाचं काय?"

शेतकरी एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "शाळू दवावर तग धरंल. हरभऱ्याचं सांगता येत न्हाई." पाटलांचाच हरभरा सगळ्यांत जास्त होता. त्यांनी एकदा आपल्या रानाकडे बघितलं. मग त्यांनी पहार उचलली आणि एवढंच म्हणाले, "पुनवंला मी ही घिऊनच येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिलवान तालमीत गेला आणि लहान पोरांच्या ओळीत जाऊन बसला. त्याच्या एका बाजूला जेमतेम कमरेएवढं पोर होतं. ते पाय पसरून पुढे वाकलं आणि त्याचं कपाळ गुडघ्याला लागलं. पहिलवानाचे हात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचले. पोरं फिदीफिदी हसली. पहिलवानही हसला, दुसरं करणार काय!

पण स्वभाव कुठे जाणार? त्याने आपलाच पाय पकडला आणि समोरच्या मल्लाला ओढावं तसा हिसका दिला. मांडीत कळ आली आणि त्या दिवशी तो लंगडत घरी गेला.

"पायासंगं कुस्ती धरलीस व्हय?" वस्ताद दुसऱ्या दिवशी म्हणाले. "त्यो काय दुसऱ्या गावचा हाय? तुजाच हाय त्यो, जरा मायेनं घे. आदी घाम येऊ दे, गार अंगानं ताणू नगंस. हिसका देऊ नगंस. ताण लागंल तितं थांब, श्वास सोड, वाट बग. कळ आली की मागं ये. अंगाला हुकूम सोसत न्हाई, त्येची समजूत काढावी लागती."

"मग आता जोर-बैठका बंद करू?" पहिलवानाने विचारलं. त्याला वाटलं, वाकायचं तर ताकद सोडावी लागणार.

"बंद कशापायी? खाली बसल्यावर वर कशाच्या जिवावर येशील? माज्यावानी हुयाचंय व्हय? दोनी कर. आदी कमव, मग मोकळा हो."

पहिलवान दोन्ही करू लागला. रोज कसरत, रोज ताण. ज्या मातीत त्याने भल्याभल्यांना लोळवलं होतं, तिथे आता तो स्वतःच लोळत होता. घरी गेला की बायको समोर पाय पसरून बसायची, त्याचे हात धरायची आणि अलगद आपल्याकडे ओढायची.

"लगीन झाल्यापासनं तुमचं डोकं येवढं खाली आल्यालं पयल्यांदाच बगती मी," ती म्हणायची.

तरी एका संध्याकाळी त्याचा धीर सुटला. कितीही केलं तरी टाचा उचलल्या जातच होत्या, पुनव जवळ येत होती, आणि वाटेत पाटलांच्या रानातला पिवळा पडलेला हरभरा त्याने बघितला होता. बाजेवर बसून तो म्हणाला, "त्याच दिशी पहार मारायला पायजे हुती मी."

बायको भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. "पहार कुणीबी मारली असती. तुमी ठिवलीसा खाली. त्या दिशी मला तुमचा जेवडा अभिमान वाटला, तेवडा कुटल्या जत्रंत वाटला न्हाई." मग पुन्हा भाकरी थापत म्हणाली, "आता उटा, पाय पसरा. तव्यावर भाकरी हाय तवर हुतंय."

पहिलवानाने डोळे पुसले आणि पाय पसरले.

आणि मग एका सकाळी त्याला जाग आली ती न कण्हता. पाठ दुखत नव्हती. आदल्या दिवशीच्या बैठकांनी मांड्या भरून आल्या नव्हत्या. तालमीत जाऊन त्याने बैठक मारली, तर तो खाली जात गेला, जात गेला, आणि टाचा जमिनीवरच राहिल्या. तिथून तो उठला, आणि उठताना मांडीच्या अशा भागात जोर लागला, जो भाग आपल्याला आहे हेच तो विसरला होता.

"वस्ताद! ताकद सांडली न्हाई!" तो ओरडला. "वाढली!"

"सांडंल कशी?" वस्ताद म्हणाले. "आजपातूर तू अर्ध्याच मांडीनं बैठका मारत हुतास. आता सगळी मांडी कामाला लागली."

पुनव आली. बांधावर पुन्हा सगळं गाव जमलं. या वेळी हलगी कुणी वाजवत नव्हतं. पाटील पहार घेऊन उभे होते, बोलल्याप्रमाणे. शाळू कसाबसा उभा होता. हरभरा अर्धा गेला होता.

पहिलवानाने आधी बांधावर धावून घाम काढला, मग खांदे आणि मांड्या सैल केल्या. कुणीतरी कुजबुजलं, "आरं, उतर की आता!" त्याने घाई केली नाही. मग तो हौदात उतरला.

तो बसला. टाचा टेकलेल्या, गुडघे बाहेर, पाठ सरळ. हात पायांच्या मधून खाली गेले आणि बोटं गोट्याच्या बुडाला लागली. गोट्याचं बूड गार आणि ओलं होतं. त्याने श्वास घेतला आणि उठायला लागला. गोटा सुटला. मांडीशी आला, मांडीवरून पोटाशी, पोटावरून छातीशी, आणि तिथे क्षणभर अडला. बायकोने डोळे मिटून घेतले. कट्टा खांद्याच्या उंचीवर होता, आणि महिन्यापूर्वी त्याचे हात भार घेऊन तिथवर गेलेच नसते. आता गेले. गोटा कट्ट्यावर बसला, तो धप्प आवाज सगळ्यांनी ऐकला.

मोरीतून पाणी उसळलं. पहिलवान भिजून चिंब होऊन वर आला तोवर ते पाटात शिरलं होतं आणि पोरं पाण्याच्या मागून रानाकडे पळत होती. मग मात्र एकच गलका झाला. हलगीला तोंड फुटलं. पाटलांनी पहार फेकून दिली आणि जरीचा फेटा घेऊन ते लगबगीने पुढे आले. "हरभरा गेला त्यो गेला," ते म्हणाले, "तळं ऱ्हायलं!" चार गडी त्याला खांद्यावर घ्यायला धावले.

पण पहिलवान जागेवर नव्हता. तो बांधावरच्या गवतात जाऊन बसला होता, दोन्ही पाय पसरून, ओल्या अंगाने, डोळे मिटून. त्याने श्वास सोडला आणि पायांच्या बोटांकडे सावकाश वाकला.

पाटील फेटा हातात घेऊन तसेच उभे राहिले. गडी एकमेकांकडे बघू लागले. हलगीवाला आणखी जोरात वाजवू लागला.

तेव्हा वस्ताद पुढे झाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी हलगीवर हात ठेवला आणि सगळ्या गावाला दटावलं, "गप ऱ्हावा जरा! माज्या पोराचं काम अजून संपल्यालं न्हाई."

तात्पर्य: कसरतीने ताकद अंगात येते, पण रोज सावकाश ताणून मोकळ्या ठेवलेल्या अंगातच ती वेळेला हाताशी पोचते.